सहाशे दहा मिली

या लेखात लघवी हा शब्द बऱ्याच वेळा येणार आहे. फराळाची ताटली हातात असेल तर आधी ती संपवा, मग वाचा. मी शब्द बदलणार नाही. सात वर्षं हे काम मी तो शब्द चारचौघांत न उच्चारता केलं, आता पुरे.

मी युरोफ्लो टेक्निशियन आहे. अंधेरीत लहान मुलांच्या किडनीच्या आणि मूत्राशयाच्या विकारांचा एक दवाखाना आहे, तिथे नोकरी करते. लग्नकार्यात कुणी विचारलं तर आई "हॉस्पिटलमध्ये असते" एवढंच सांगते. कुणी पुढे विचारलंच तर मी "मशीनवर" म्हणते आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहते.

मशीन असं आहे. कमोडसारखी एक खुर्ची, तिच्याखाली नरसाळं, नरसाळ्याखाली भांडं आणि भांड्याखाली वजनकाटा. मूल खुर्चीवर बसून लघवी करतं, काटा क्षणाक्षणाला वजन मोजतो आणि पडद्यावर रेघ उमटत जाते. सगळं ठीक असेल तर रेघ टेकडीसारखी दिसते. चढली, उतरली, संपली. जी मुलं तासन्‌तास धरून ठेवतात त्यांचे खालचे स्नायू आवळायला इतके शिकलेले असतात की सोडायच्या वेळीही ते सुटत नाहीत. त्यांची रेघ करवतीच्या दात्यांसारखी येते. मग डॉक्टर मॅडम पोटावर एक छोटं यंत्र ठेवून आत किती लघवी उरली ते पाहतात. उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. ते वर चढले की किडनीपर्यंत पोचतात, आणि लहान वयात किडनीवर पडलेला व्रण जन्मभर राहतो. शास्त्र एवढंच आहे. बाकीचं काम म्हणजे वाट पाहणं.

वाट पाहणं मला जमतं. कुणी बघत असेल तर मुलांना होत नाही, आणि कुणाकडे न बघणं हा माझा जन्मजात गुण आहे. "शी इज देअर, बट शी इज नॉट देअर," असं माझ्या शाळेतल्या एका टीचरने आईला सांगितलं होतं. इथे मला त्याचा पगार मिळतो.

बोलायचं काम कुंदामावशी करते. ती आमच्या खोलीची मदतनीस, भांडुपहून येते, मूळची मालवणकडची. एकदा चौदा वर्षांचा एक मुलगा दीड तास आत बसून होता आणि त्याची आई दर पाच मिनिटांनी दार वाजवून "झाली का रे?" विचारत होती. मावशीने तिला जिन्याकडे वळवलं. "तुमी खाली जावा, चाय घेवा. अशी हाक मारल्यार तुमच्या घोवाक तरी होयत काय?" नवऱ्याचा विषय निघताच बाई खाली गेल्या, मावशीने बेसिनचा नळ बारीक सोडला आणि तीन मिनिटांत पडद्यावर सुरेख टेकडी आली. मुलगा बाहेर आला तेव्हा मावशीने त्याच्याशी क्रिकेटच्या गप्पा काढल्या. बाकी कशाचा उल्लेख नाही. मी तिच्याकडून सगळ्यात जास्त काय शिकले असेन तर ते हे.

घाटकोपरचं एक कुटुंब सकाळची लघवी घरून घेऊन आलं होतं. रिपोर्टमध्ये भरपूर साखर निघाली. आई रडायला लागली, आजीने गावी फोन लावून मुलाला डायबेटिस झाल्याचं कळवूनही टाकलं. बाटली हातात घेऊन मी हळूच विचारलं, "यात आधी काय होतं?" आजी म्हणाली, "मुरांबा. पण विसळली होती हो मी." आम्ही आमच्या बाटलीत दुसरा नमुना घेतला. साखर नव्हती. आजीने तिथल्या तिथे परत गावी फोन लावला. या वेळी आवाज दुप्पट.

असल्या गोष्टी मी ऑफिसच्या डब्याच्या वेळी सांगते तेव्हा लोकांना आवडतात. न सांगितलेल्या वेगळ्या आहेत. बारा वर्षांचा मुलगा अंथरूण ओलं करतो म्हणून त्याचे वडील त्याच्यादेखत म्हणाले, "आळशी आहे, उठायला नको." तो आळशी नव्हता. त्याला झोपेत कळतच नव्हतं. मला ते माहीत होतं आणि मी कागदाला पंच करत राहिले. न बोललेल्या अशा वाक्यांची माझ्याकडे मोठी यादी आहे. त्यातलं एक वाक्य महागात पडलं. मला नाही, हर्षालीला.

मुलीचं नाव बदललं आहे. बाकी काही बदललेलं नाही.

हर्षाली तेव्हा दहा वर्षांची होती, पाचवीत. मालाडच्या पुढे, समुद्राकडच्या एका कोळीवाड्यात घर. आई वनिता मालाडच्या बाजारात मासळी विकते. मुलीला तिने हट्टाने इंग्रजी शाळेत घातलेलं. तक्रार अशी की दुपारी घरी येईपर्यंत चड्डी ओली होते, आणि वर्षात दोनदा लघवीला जळजळ होऊन ताप आला होता. मॅडमनी तपासणी लिहून दिली आणि नेहमीप्रमाणे तीन दिवसांची वही भरून आणायला सांगितली.

ही वही म्हणजे आमच्या कामाचा पाया. एक दिवस सुट्टीचा, दोन शाळेचे. मुलाने केव्हा पाणी प्यायलं, केव्हा लघवी केली, हे लिहायचं. घरी असेल तेव्हा प्लास्टिकच्या मापाच्या मगमध्ये करून किती झाली तेही लिहायचं. आमच्याकडे येणाऱ्या वह्यांवर आमटीचे डाग असतात, मध्येच कुणाचा तरी फोन नंबर असतो, शनिवार लिहायचा राहून जातो. हर्षालीची वही पट्टीने आखलेली होती. गोल, सुबक कर्सिव्ह अक्षर. दर दोन-अडीच तासांनी एक नोंद, प्रत्येक नोंदीपुढे दीडशे, एकशे सत्तर, एकशे साठ मिली. मी तिला "व्हेरी नीट" म्हटलं. ती लाजून हसली. आईला मी काहीच विचारलं नाही. इंग्रजी शाळेतल्या मुलीने इतकं नीट लिहिलंय म्हणजे खरंच असणार, असं मी धरून चालले. मीही तसल्याच शाळेतून आलेली.

ती शाळेतून थेट आमच्याकडे आली होती. दुपारचे तीन वाजले असतील. खुर्चीवर बसली आणि पडद्यावर करवत सुरू झाली. थांबून थांबून, दाते पाडत, रेघ पुढे जातच राहिली. शेवटी आकडा आला, सहाशे दहा मिली. दहा वर्षांच्या मुलीच्या मूत्राशयात साधारण किती मावावं याचा ढोबळ हिशेब आहे. वयात दोन मिळवायचे आणि तिसाने गुणायचं. तीनशे साठ.

मी मावशीकडे पाहिलं. मावशी हळूच म्हणाली, "बाये, ह्या चेडवान सकाळपासून केल्यानच नाय. मॅडमांका सांग."

"मावशी, हा आलेख धरायचाच नसतो," मी म्हटलं. "रूल आहे."

खरंच नियम आहे. मूत्राशय फार तुडुंब भरलेलं असेल तर आलेख भरवशाचा नसतो, तो बाद करून पुन्हा तपासणी करायची. मी तिला पाणी प्यायला दिलं, तासाभराने पुन्हा बसवलं. एकशे सत्तर मिली, रेघ थोडी वेडीवाकडी पण चालण्यासारखी, मागे उरलेली लघवी फारशी नाही. तो कागद फाइलला लावला. वहीतल्या आकड्यांशी तो अगदी जुळत होता. पहिला कागद माझ्या खणात गेला.

मॅडमसमोर गेली ती फाइल काय सांगत होती? मुलगी वरचेवर जाते, थोडी थोडी करते, तरी ओली होते. असं मूत्राशय चिडखोर असतं, त्याला सैल पाडायचं औषध देतात. मॅडमनी ते दिलं. धरून ठेवणाऱ्या मुलीला तेच औषध दिलं तर ती आणखी धरून ठेवू शकते, एवढाच त्याचा अर्थ.

आणि वहीतली एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती. शाळेच्या दोन्ही दिवसांत, साडेनऊला, बारा वाजता, आकडे मिलीमध्ये लिहिले होते. मापाचा मग तिने दप्तरातून शाळेत नेला होता का? शेकडो वह्या तपासलेल्या बाईला हा प्रश्न पडायला हवा होता. मला अक्षर आवडलं होतं.

दीड महिन्याने हर्षाली थंडी वाजून ताप आल्याने आमच्याच वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात दाखल झाली. जंतू किडनीपर्यंत पोचले होते. मी सकाळी कामावर आल्याआल्या वर गेले. ती झोपली होती, हाताला सलाइन. वनिता बाजार अर्ध्यावर टाकून थेट आलेली, टोपली खाली वॉचमनकडे ठेवून.

"मॅडम, हिला कशानं झालं ओ?" ती मला म्हणाली. "माजी पोर तर माज्यावानी हाय. मी पाचला घर सोडते, दोन वाजता टोपली खाली व्हते. तवर पानी नाय की जानं नाय. बाजारात बाईमानसाला जागा कुठं हाय? वीस वर्सं बसते, मना कवा काय झालं नाय. पोरीलापन तेच शिकवलं. शालेतला संडास घान असतंय, घरी येऊन कर."

तिने ते अभिमानाने सांगितलं. एखादी आई मुलीला पोहायला शिकवते तसं तिने हे शिकवलं होतं. मला वाटतं माझा चेहरा बोलला असावा, कारण वनिता बोलता बोलता थांबली आणि पदर तोंडाशी नेला.

दोन दिवसांनी ताप उतरला. मी हर्षालीच्या खाटेवर बसले. "वहीत शाळेतले नंबर कसे लिहिलेस गं?"

ती चादरीचा कोपरा दुमडू लागली. "ताई, मला वाटलं करेक्ट आन्सर लिहायचं असतं."

"करेक्ट आन्सर तुला कुठे मिळालं?"

"तुमच्या वॉलवर."

आमच्या खोलीत, जिथे पहिल्या भेटीत वही देतो त्या टेबलामागे, एक तक्ता आहे. दिवसातून सहा-सात वेळा, दर दोन-तीन तासांनी, आणि वयाप्रमाणे साधारण किती, असं लिहिलेला, कोपऱ्यात हिरवा बेडूक. तो मी बनवला होता. शाळेत दहा वर्षं मीही तेच केलं होतं. विचारलेलं खरं सांगायचं नसतं, बरोबर सांगायचं असतं, हे मला तिच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?

खणातला कागद घेऊन मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी तो फाइलमधल्या कागदाशेजारी ठेवून पाहिला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हा समोर असता तर ते औषध मी दिलं नसतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या लक्षात आलं होतं?"

"हो."

"मग?"

"रूलप्रमाणे तो..."

"यापुढे बाद झालेला कागदही मला दाखवायचा. आणि तुला काय वाटतं तेही सांगायचं."

"मला?"

"मग कुणाला विचारू, मशीनला?"

काही महिन्यांनी किडनीचा स्कॅन झाला. डाव्या किडनीच्या वरच्या भागावर व्रण होता. तो पुसला जात नाही. तो वाढू द्यायचा नाही आणि दुसरा पडू द्यायचा नाही, एवढंच हातात असतं. त्यासाठी हर्षालीला जे करायला हवं होतं ते फार साधं होतं. औषध वॉर्डातच बंद झालं होतं. पाणी प्यायचं. दर दोन तासांनी जायचं, पाय टेकवून, घाई न करता. घरी वनिताने ते आठवड्याभरात बसवलं. स्वतःही बाजारात जाताना बाटली न्यायला लागली आणि शेजारच्या बँकेच्या वॉचमनशी भांडून तिथला संडास मिळवला.

राहिली शाळा. तिथे मुलींच्या संडासाला कुलूप असतं. मधल्या सुट्टीत वीस मिनिटं उघडतं, अख्ख्या मजल्याची रांग. तास चालू असताना जायचं तर उभं राहून सगळ्यांसमोर इंग्रजीत परवानगी मागायची, मग ऑफिसातून चावी आणायची. मॅडमनी पत्र दिलं, की या मुलीला केव्हाही जाऊ द्यावं. वर्गशिक्षिकेने ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. त्या दिवसापासून हर्षालीने सुट्टीतही जाणं सोडलं. आम्ही तिला दर दोन तासांनी मनगटावर थरथरणारं घड्याळ दिलं. शाळेने ते जप्त केलं, स्मार्टवॉच चालत नाही म्हणून. पंधरवड्याने पुन्हा जळजळ सुरू झाली. लवकर कळलं म्हणून जंतू वर चढले नाहीत.

वनिता खोलीत येऊन म्हणाली, "तू चल माज्यासंगं शालेत. तुना विंग्रजी येतंय."

मी गेले. जाण्याआधी आरशासमोर चार वाक्यं पाठ केली, ती मुख्याध्यापिकांच्या दारातच विसरले.

"वी कॅनॉट मेक अॅन एक्सेप्शन," त्या म्हणाल्या. "एकीला सोडलं की सगळ्या मागतील."

"देन लेट देम आस्क," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण मला ओळखीचा वाटला नाही.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. टेक्निशियन. मी मुलांची लघवी मोजते."

त्यांनी तोंड वाकडं केलं. मला त्या क्षणी विलक्षण मोकळं वाटलं. मी इंग्रजीत सांगत सुटले, सहाशे दहा, तीनशे साठ, व्रण, सगळं. वनिता मला कोपराने ढोसत म्हणाली, "मना पन कलू दे गं, मराठीत भांड." मग स्वतःच पुढे सरकली. "बाई, ह्या तुमच्या हापिसाच्या मागं दार हाय, तो तुमचा संडास ना? त्याला कुलूप हाय?"

मुख्याध्यापिकांनी टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला. म्हणाल्या, ठीक आहे, फक्त हिच्यापुरती स्पेशल परवानगी, लेखी. एक कार्ड मिळेल, ते गळ्यात घालून जायचं.

हर्षाली दारापाशी उभी होती. तिचं मत कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. "मला स्पेशल नको," ती म्हणाली. "कुलूप काढा."

कुलूप निघालं नाही. कार्ड हर्षालीने दप्तराच्या तळाशी टाकलं. पण पुढच्या आठवड्यापासून तिने एक सुरू केलं. दोन तास झाले की उठायची, काही न विचारता वर्गाबाहेर पडायची, ऑफिसातल्या खिळ्यावरची चावी घ्यायची, जाऊन यायची, चावी परत लावायची आणि जागेवर बसायची. पहिल्या दिवशी तिच्या शाळेच्या डायरीत लाल शेरा आला: सकाळी दहा वीसला परवानगीशिवाय वर्ग सोडला. दुसऱ्या दिवशी दोन शेरे. वनिता प्रत्येकाखाली सही करते. बाजारात बसून, बर्फाने ओल्या झालेल्या बोटांनी, पूर्ण नाव.

ती डायरी तपासणीच्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हा मी पानं उलटत गेले आणि मला हसू आवरेना. शिक्षिकांनी प्रत्येक शेऱ्यात वेळ लिहिली होती, मिनिटासकट. दहा वीस, बारा दहा, दहा अठरा. मी त्यांच्या झेरॉक्स काढून फाइलला लावल्या. मॅडमनी चष्मा वर करून विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "शाळेतल्या नोंदी. मला वाटतं या खऱ्या आहेत."

हर्षाली आता सातवीत आहे. वर्षभर ताप नाही, जळजळ नाही. तिची रेघ अजून पूर्ण टेकडी झालेली नाही, एखादा दाता राहतो. दर सहा महिन्यांनी रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीन बघतो. डाव्या किडनीवरचा व्रण आहे तेवढाच आहे. तो माझ्या खणातून तिथे गेला, हे मी विसरणार नाही आणि कुणी "तुझी काय चूक, नियमच तसा" म्हटलं तर ऐकून घेणार नाही.

मात्र आता वर्गातून न विचारता उठणाऱ्या मुली सहा झाल्या आहेत. शाळेने ऑफिसातला खिळा काढला, चावी कपाटात ठेवली आणि सहाही मुलींच्या पालकांना शिस्तभंगासाठी सोमवारी अकरा वाजता बोलावलं आहे. हर्षालीला यापुढे शेरा नाही, थेट निलंबन, असं पत्रात लिहिलं आहे. आमच्या दवाखान्याच्या ऑफिसनेही मला बोलावून सांगितलं, की दुसऱ्या संस्थेच्या कारभारात कर्मचाऱ्यांनी पडू नये. मी ऐकून घेतलं आणि सोमवारच्या रजेचा अर्ज त्यांच्याच टेबलावर ठेवला. कारणाच्या रकान्यात "खासगी काम" लिहिणार होते. ते खोडून शाळेचं नाव लिहिलं.

वनिताचा फोन आला होता. "येतंस ना गं?"

येते म्हटलं. सकाळी घरून निघताना मी लिटरभर पाणी पिणार आहे. मालाडला पोचेपर्यंत मला चांगलीच लागलेली असेल. मग त्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, मी उभी राहीन आणि चावी मागेन.